डायलचा दिवा

आमचे अण्णा ठार बहिरे झालेत, तरी रोज संध्याकाळी जुन्या स्टिरिओपुढं बसतात. डायलचा पिवळा दिवा लागला की त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरतात. दिवा लागलाय म्हणजे गाणं चालू आहे, एवढं त्यांना पुरतं.

परवा तो दिवा उडाला. गाणं चालूच होतं. पण अण्णा म्हणाले, "बहिरा झालो म्हणून बंदच करून टाकलात व्हय?" आणि भरल्या ताटावरनं उठले.

मी जुना बाजार पालथा घातला. एक दुकानदार म्हणाला, "वाजतोय ना? मग दिवा कशाला? आरती ओवाळायचीय का त्याला?" शेवटी भंगारातल्या एका टेपमधनं तसलाच चिमुकला बल्ब मिळाला. मिस्त्रीकडं जायचं सोडून मीच उघडून बसलो. शाळा झाली नाही आपली, पण आगाऊपणा उपजत आहे. दिवा लागला आणि आवाज गेला. कुठली तार भाजली, देव जाणे.

सांगायला वळलो, तर अण्णांची बोटं नाचायला लागली होती. बायको दारातनं माझ्याकडं बघत होती. वाटलं, आपणपण कितीदा असा नुसता दिवा बघून ठेका धरला असेल. आतलं कधीच बंद पडलेलं असेल, आणि सांगायचा धीर कुणाला झाला नसेल.

"आवाज जरा कमी कर," अण्णा म्हणाले. "शेजारचे ओरडतील."

मी उठलो आणि बटण मागं फिरवलं.