दिरहम औटकीवर होता तेव्हा

१९९१ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. दुबईच्या खाडीवर लाकडी गलबतं दुरुस्त करण्यात माझी तेरा वर्षं गेली होती.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण पाढ्यांत मला कुणी हरवून दाखवावं. काशीदच्या आमच्या मास्तरांनी छडी घेऊन पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी अंगात भिनवली होती. औट म्हणजे साडेतीन. आता हा शब्द कुणाला सांगितला तर तोंडाकडे बघतात.

मी तिकडे उतरलो तेव्हा एका दिरहमाचे दोन रुपये आणि वर थोडे पैसे मिळत. मग तो हळूहळू अडीचवर आला आणि मास्तरांची अडीचकी कामाला लागली. पुढे साडेतीन झाला. तो काळ मला अजून आठवतो, कारण तेव्हा खोलीत माझ्याएवढा मान कुणाला नव्हता. आम्ही सहा जण राहायचो, सगळे आपल्याच बाजूचे. पगार झाला की माझ्यासमोर येऊन बसायचे. चारशे वीस म्हटलं की मी चौदाशे सत्तर म्हणायचो, कागद निघायच्या आत. खोलीत तळा गावचा एक रंगारी होता, गलबतांना रंग मारायचा. तो हिशेबाची मशीन दाबून बघायचा आणि मान हलवून म्हणायचा, "मिस्त्री, ही पण तुमचंच ऐकते."

पण औटकीच्या पुढे पाढा नाही. दिरहम सव्वाचारावर गेला, पावणेपाचावर गेला, आणि माझी जीभ अडखळायला लागली. लोक रंगाऱ्याच्या मशीनकडे वळले. मला ते लागलं. मी तोंडी हिशेब करायचा सोडला नाही, फक्त उशीर व्हायचा आणि तोवर रंगाऱ्याने सांगून टाकलेलं असायचं.

मी गेलो होतो स्वतःची होडी घ्यायला, इंजिनासकट. बायकोशी ठरलं होतं, चाळीस हजार रुपये जमले की परत यायचं. दर वाढला, चाळीस झाले. मी पन्नास म्हटलं. पन्नास झाले तेव्हा साठ. इंजिनं महागली असं मी पत्रात लिहायचो. ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. पेटीत दिरहम नुसते पडून असायचे आणि तिकडे त्यांचे रुपये वाढत राहायचे. असा पैसा सोडून कोण निघेल? दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर जायचं, महिनाभर राहायचं आणि परत विमानात बसायचं, असं चाललं होतं.

तेव्हा घरची माणसं कॅसेटवर बोलणं भरून पाठवायची. जूनमध्ये खोलीतला रेवदंड्याचा एक जण सुट्टीवरून आला, त्याने बायकोची कॅसेट आणली. शुक्रवारची सुट्टी, सगळे खोलीत, टेप एकच, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकली. आधी कोंबड्या ओरडल्या, मग तिचा आवाज आला.

"माडावर चढायला मानूस मिलत न्हाय. नारल आपलेआप पडतात. परवा एक पडवीवर पडला, सात कौलं फुटली. मला साठ हजार नको. तुमी या न् नारल काढा."

खोलीत हशा पिकला. रेवदंड्याचा म्हणाला, मिस्त्री, तुम्हाला गडी म्हणून बोलावणं आलंय. मी चिडलो. माझ्याकडे नऊ हजार दिरहम होते, दर पावणेसहाच्या आसपास, साठाला आठेक हजार कमी पडत होते. मी ताडकन बोलून गेलो, "दिरहम सात रुपयांवर जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधतो."

सात मी मुद्दाम म्हटलं. दोन-चार वर्षं तरी तो तिथे जात नाही अशी माझी खात्री होती. रंगाऱ्याने ब्रश घेतला आणि लाल रंगात स्टोव्हच्या वर भिंतीवर लिहिलं, सात झाला की मिस्त्री घरी.

जुलै लागला आणि सरकारने एका आठवड्यात दोनदा रुपया खाली आणला. शुक्रवारी मी सुरमईचं कालवण ठेवलं होतं. रंगारी बाजारातून आला आणि दारातूनच म्हणाला, सात. मी म्हटलं, तू दराचा फळा उलटा वाचलास. कालवण त्याच्यावर सोपवून भर दुपारच्या उन्हात पैसे बदलण्याच्या दुकानापर्यंत चालत गेलो. फळ्यावर सातच होते. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं, दोन औट सात. माझाच पाढा, दुप्पट होऊन आलेला. नऊ हजारांचे त्रेसष्ट हजार. मशीनची गरज पडली नाही.

परत आलो तर कुणी चिडवेना. रेवदंड्याचा उलट समजूत घालायला लागला, "मिस्त्री, घाई करू नका. आठ होईल. भिंत काय, पुसता येते." रंगाऱ्याने फडकं रॉकेलमध्ये भिजवूनही आणलं.

खरं सांगतो, माझ्या मनात आठ आला होता. नऊ आठे बाहत्तर. आठानंतर नऊही आला असता. रंगाऱ्याने फडकं भिंतीला टेकवलं, 'घरी'मधला 'री' थोडा पसरला, तेव्हा मी म्हटलं, "ठेव ते खाली."

बायको आजही विचारते, माझा आवाज ऐकून आलात ना? मी हो म्हणतो. पण त्या क्षणी मला ती आठवली नव्हती. पाच माणसांसमोर बोललेलं परत गिळायचं, हे मला जमण्यातलं नव्हतं. तसल्या हट्टाने माझी पुष्कळ कामं बिघडली, एवढं एक सुधारलं.

आता दिरहम तेविसाच्या पुढे गेलाय म्हणतात. ते नऊ हजार तसेच ठेवले असते तर, असं गावातले लोक मला ऐकवतात. दोन लाखांच्या वर होतात. मी केलाय हिशेब, तोंडी.

त्या दुपारी कालवण खारट झालं होतं, तरी सगळ्यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. नऊच्या नऊ हजार बायकोच्या नावावर पाठवले, पावती खिशात घातली, आणि तिथून हत्यारं न घेताच गलबतांच्या यार्डात जाऊन मालकाकडे ठेवलेला माझा पासपोर्ट परत मागितला.