सिंधुबाईनं देव पुसला

"सिंधुबाईनं शाळेच्या पोरांना हाताशी धरून देव घासला आणि देवाच्या अंगातून भळाभळा रक्त आलं!"

ही बातमी नांदूरघाटच्या बसस्टँडवर माझ्याआधी पोचली. आमच्या गावची बातमी माझ्याआधी कुठं पोचावी, हा मला पहिला धक्का. दुसरा धक्का बातमीचाच, कारण मी तिथं उभा होतो. म्हणून आधी दुरुस्ती करतो. घासला नाही, पुसला. रक्त नव्हतं, शेंदूर होता. आणि तो देव होता का, यावरूनच तर सगळा गोंधळ झाला.

सिंधुबाई माझी शेजारीण. तिची आणि आमची भिंत एक, त्यामुळं तिच्या घरात पातेलं पडलं तरी आमच्याकडं दचकतात. जातीची मेंढपाळ. गळा असा, की तिनं नातवाला हाक मारली की माझी म्हैस उठून उभी राहते. लहानपण मेंढरांमागं गेलं. कळप ज्या गावाला उतरेल तिथल्या शाळेच्या खिडकीतून ही आत बघायची, आणि मास्तर हाकलून द्यायचा. ते सांगताना ती हसते, पण मला चिमटा काढल्याशिवाय थांबत नाही.

"आता शाळाच गाडी करून मला बघायला येती, भावजी. तुमाला बघायला कोन येतंय?"

शाळा येते ती आमच्या जुन्या चावडीत. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शहादेव गुरुजींनी गावभरच्या जुन्या वस्तू तिथं मांडल्या आणि मुलाकडं राहायला जाताना किल्ली सिंधुबाईच्या हातात दिली. दारावर गुरुजींनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'हात लावा'. बाई ती पाटी अक्षरशः पाळते. पोरांना लोकर पिंजायला लावते, जात्यावर ज्वारी दळायला लावते, घोंगडीत गुंडाळून विचारते, "टोचतंय का? मंग टोचू द्या, थंडी न्हाई वाजायची." सन-साल मात्र तिला विचारू नये. तिच्या हिशेबानं सगळं निजामाच्या आधीचं. एकदा मी सहज डोकावलो तर पोरं माझ्याच आईच्या उखळात मिरच्या कांडत होती. आमच्या मंडळींनी मला न विचारता ते देऊन टाकलेलं.

पण पोरांचा खरा जीव त्या दगडावर. छातीएवढा उंच वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून कोरलेला दगड. पोरं त्याच्यावर कागद धरतात, वरून कोळसा घासतात, आणि कागदावर गुरं, माणसं, तलवारी उमटतात. तो कागद घेऊन प्रत्येक पोर असं निघतं, जसं काही तलवार त्यानंच मारली.

गडबड केली ती एका सहलीनं. कुठल्या शाळेची ते सांगत नाही, भांडणं नकोत. सकाळी कपिलधारचं दर्शन, दुपारी आमचं संग्रहालय. पोरांच्या पिशव्यांत उरलेलं कुंकू, नारळ. पाटीवर 'हात लावा', म्हणून एका पोरीनं हात लावला तो कुंकवाचाच. तिच्या गुरुजींना पोरीला रागवायचा धीर होईना. पाया पडलेल्या लेकराला कोण रागवणार? त्यांनी उलट नारळच फोडला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली वत्सलाबाई निवदाचं ताट घेऊन हजर. मग तिच्या जावा. मग जावांच्या माहेरच्या. आणि एका बुधवारी गावाचा कारभार बघणाऱ्या बंकटआप्पांनी दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला, घंटा टांगली, पुढं लोखंडी कठडा ठोकला, आणि शहादेव गुरुजींची पाटी उतरवून नवी लावली : 'हात लावू नये'. जातं, उखळ, घोंगड्या सगळं चिंचेखाली. मी बघतच राहिलो. एवढ्या झपाट्यानं तर आमच्या गावात नळाचा पाइपसुद्धा दुरुस्त झालेला नाही.

आप्पा माणूस वाईट नाही. त्यांनी सिंधुबाईला सन्मानानंच सांगितलं, "सिंधे, सोमवारी प्रतिष्ठापना करू. किल्ली तुझ्याकडंच ठेव. सकाळ-संध्याकाळ दिवा लाव, गावात मान मिळंल."

"आन् लेकरं?"

"लेकरं येतील की दर्शनाला. लांबून."

'लांबून' म्हटल्यावर बाईचा चेहरा उतरला. सिंधुबाई गप्प! मी त्या रात्री बायकोला म्हणालो, हिला डॉक्टर दाखवायला पाहिजे.

शुक्रवारी कड्याहून रोहिणी मॅडमची सहल आली. मॅडम दरवर्षी येतात. आतला कठडा, घंटा, लालभडक दगड बघून त्या जागच्या जागी थबकल्या. पोरांच्या हातात कागद, कोळसे तयार. एकानं कठड्यातून हात घालून कागद लावून बघितला, तर कागद नुसता लाल. ना गाय, ना तलवार.

"राहू द्या सिंधुताई," मॅडम हळूच म्हणाल्या. "मुलं बाहेर जातं बघतील. उगीच तुम्हाला त्रास नको."

"एवढ्या लांबून जातं बघाया आलाव व्हय?" असं म्हणून बाई घरी गेली आणि करडीच्या तेलाचा डबा आणि जुनं लुगडं घेऊन आली. लुगड्याच्या चिंध्या करून पोरांच्या हातात दिल्या. मला वाटलं, ही आता समईत तेल घालणार. मी हात जोडायच्याच बेतात होतो. तोवर तिनं कठडा ओलांडला, दगडाच्या डोक्यावर तेल ओतलं, आणि पोरांना म्हणाली, "पुसा. हळू. आजा आंघूळ करतोय आसं समजा."

मी जोडायला उचललेले हात पटकन मागं घेतले.

तेलात शेंदूर सुटला आणि लाल ओघळ खाली फरशीवर आले. वत्सलाबाई निवदाचं ताट घेऊन नेमकी दारात. तिनं ते बघितलं, ताट खाली आपटलं आणि किंचाळली, "रगत! देवाच्या अंगातून रगत!" ती पळाली चौकाकडं. तिथून रक्त नांदूरघाटला कसं पोचलं ते मला विचारू नका, मी जाग्यावरून हललो नव्हतो.

अर्धं गाव गोळा झालं. पोरं मात्र पुसत होती. खालच्या अंगाला आधी एक शिंग दिसलं, मग गाय, मग वासरू. मग ढाल धरलेला माणूस.

"ह्याची गुरं चोरांनी पळीवली," बाई पोरांना सांगत होती, गाव आहे की नाही याचं भान नसल्यागत. "ह्यो आडवा गेला. मेला. आमच्यावानीच राखोळ्या व्हता." पोरांनी लगेच कागद लावले.

वत्सलाबाई परत आली होती. मान लांब करून म्हणाली, "अगं बया, खरंच की गं, वासरू दूध पितंय."

तेवढ्यात गर्दीतून बंकटआप्पा आले. घामाघूम, टोपी हातात. पायाखालचं लाल तेल बघून ते दोन पावलं मागं सरले. मी आप्पांना असं कधी बघितलं नव्हतं, त्यांना खरंच भीती वाटत होती.

"काय केलंस सिंधे! गावानं ज्याला हात जोडले त्याला पोरांकडून पुसून काढलंस? उद्या कोप झाला तर कोण निस्तरणार?"

पोरांनी चिंध्या खाली टाकल्या. मॅडमनी डोळे मिटले. सिंधुबाईनं तेलकट हात पदराला पुसले, दगडाच्या सगळ्यात वरच्या भागावरचा उरलेला शेंदूर अंगठ्यानं काढला, आणि आप्पांना जवळ बोलावून म्हणाली :

"वर बघा, आप्पा. हा गडी मेल्यावर महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. तुमी त्याच्या डोळ्यांत शेंदूर भरला. त्याला त्याचा देव दिसंना झालता."