यंत्राला आधी विचारणारे शिकलगार सर

शिकलगार सरांची आणि माझी पहिली ओळख भडंगाच्या दंडाने झाली. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात तेव्हा चपला बाहेर काढून जावं लागे. सी भाषेतला माझा प्रोग्रॅम शेजारच्या यंत्रावर काही केल्या उभा राहीना, तेव्हा मी ठसक्यात म्हणाले, "सर, माझ्याकडं चालतोय की!" सगळा कक्ष हसला. हे वाक्य उच्चारणाऱ्याने सगळ्यांना भडंग चारायचं, असा सरांचा दंडक होता.

"पावणं, तुमच्याकडं चालतंय ते तुमच्यापाशी. त्या यंत्राला इचारलासा व्हय?" सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याहून येताना मी मुकाट भडंगाची पिशवी आणली.

यंत्राला विचारणं हाच सरांचा ध्यास. त्या काळी प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी असे. प्रोग्रॅम नव्या जागी नेला, की तो तिथे कसा उभा करायचा याच्या सूचना हाताने बदलत बसायचं. सरांनी त्यासाठी 'जुळणी' नावाचं साधन रचलं. काळ्या पडद्यावर तेवढा एकच शब्द टाइप करायचा. मग जुळणी यंत्राला 'आकडे कसे साठवले जातात', 'अमुक सोय आहे का' असे एकेक प्रश्न विचारते, उत्तरं एका फाइलीत टिपते आणि त्याबरहुकूम सगळ्या सूचना आपणच लिहून काढते.

विचारण्याची रीतही खास त्यांची. यंत्र स्वतःविषयी काय सांगतं यावर सर विश्वास ठेवत नाहीत. एक चिमुकला प्रोग्रॅम त्यावर चालवूनच बघतात. त्यांचे वडील मुरगूडच्या बाजारात विळ्या-कात्र्यांना धार लावत, आणि चिंधी कापून दाखवल्याशिवाय कात्री गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. सरांनी तोच धंदा पुढे चालवला, असं मला नेहमी वाटतं.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड आहे. शिक्षण संपल्यावर उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मला पहिलं काम मिळालं: भट्टीचं तापमान पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम. तिथलं यंत्र जुनं आणि मंद. जुळणीचे प्रश्न संपता संपत नसत. मी शहाणपणा केला. महाविद्यालयातल्या यंत्राची उत्तरांची फाइल फ्लॉपीवरून आणली आणि तिथे टाकली. 'जुनी उत्तरं नव्या यंत्रावर नेऊ नका' हे सरांनी जुळणीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं.

भट्टी धगधगत होती आणि पडद्यावर आकडा आला, उणे दहा!

"म्याडम, भट्टीला थंडी वाजाय लागली व्हय?" फोरमन बाबूराव म्हणाले. मालक मात्र हसले नाहीत. "पोरीबाळींचं काम न्हवं ह्ये, म्हटलं हुतं मी. बंद करा त्ये!"

मी रडवेली होऊन सरांना फोन लावला. अर्ध्या तासात त्यांची स्कूटर दारात आली. सरांनी उत्तरांची फाइल उघडली. वरच महाविद्यालयातल्या यंत्राचं नाव होतं, आणि आकडे साठवण्याची त्याची रीत इथल्या यंत्राहून वेगळी होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फाइल पुसून टाकली.

"चूक माझी हाय," ते मालकांना म्हणाले. "परक्या यंत्राची उत्तरं माझ्या जुळणीनं खपवून घ्यायला नको हुती. ह्या पोरीचं काम चोख हाय. जरा दम धरा."

जुळणीने सगळे प्रश्न पुन्हा विचारले, आणि पडद्यावर तेराशे अंश आले. मालकांनी काम चालू ठेवलं. माझी नोकरी टिकली. आठवड्याभरात सरांनी जुळणीत नवी तपासणी घातली. तेव्हापासून ती परकी उत्तरं घेतच नाही.

घरी मी 'सरांची चूक झाली' असंच सांगितलं. पुढे मी सरांच्याच विभागात शिकवायला आले. दर वर्षी नव्या मुलांना सर ही गोष्ट स्वतःची फजिती म्हणून रंगवून सांगतात, मुलं त्यांना हसतात, आणि मी मागे उभी राहून गप्प बसते. याची मला लाज वाटते.

सर, साठी पूर्ण करून तुम्ही निवृत्त होत आहात. तुम्हाला उदंड आणि ठणठणीत आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. जूनमध्ये नवी तुकडी येईल. त्या दिवशी पाहुणे म्हणून या आणि पहिल्या बाकावर बसा. उणे दहाची गोष्ट या वर्षी मी सांगणार आहे, माझ्या नावानिशी.