उलट्या वळणाच्या गाठी
परवा ऊन दाखवायला जुनी चादर झटकली, तिच्या गाठी बोटाला लागल्या आणि सोलापुरातला आमचा हातमागाचा कारखाना खळीच्या आंबूस वासासकट समोर उभा राहिला. सत्तर सालानंतरची गोष्ट. शेजारच्या मागावरचा माझा सोबती दारू सोडवायला महिनाभर दवाखान्यात राहून नुकताच कामावर आला होता. हात असे थरथरायचे की तुटलेला धागा सांधता येईना. काम सुटलं असतं तर तो सरळ गुत्त्यावरच गेला असता, म्हणून माझा माग थांबवून त्याच्या गाठी मीच मारायचो. एक दिवस मुकादमानं त्याच्या मागावरच्या चादरीवरून हात फिरवला आणि थेट माझ्याकडं बघितलं. मी डावखुरा, माझी गाठ उलट्या वळणाची, हे मी विसरलोच होतो. मुकादम माझ्या कानाशी वाकला. "उजव्या हातानं मारायला शिक की. मालकाला बी गाठी वळखू येत्यात." सोबत्यानं ते ऐकलं. माझा हात बाजूला सारून म्हणाला, "सरक. मी बगतो." डागी माल म्हणून कमी भावात काढलेली ती चादर पुढं मीच घेतली. परवा चष्मा लावून पाहिलं, तिच्या शेवटच्या वीतभरातल्या गाठी जाड, ओबडधोबड आहेत, पण सुलट्या आहेत.