तळेघरच्या कोंबडीचा तुरा

कोंबड्या माझ्या ताब्यात आल्या तेव्हा मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. महाळुंग्यात, शेतावरच्या खोलीत राहायला येऊन आम्हाला तेव्हा एक दिवाळी झाली होती. नवरा ट्रॅक्टरवर, मी कांदा-बटाट्याच्या कामाला. मालकांच्या आईला सगळेच आत्या म्हणतात म्हणून मीही म्हणते. आत्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्या म्हणाल्या, आता खुराडं तू बघ. आम्ही आलो तेव्हा खोलीत एक पातेलंसुद्धा नव्हतं. चुलीपासून पांघरुणापर्यंत सगळं आत्यांनी दिलेलं. त्यांना नाही कसं म्हणणार? मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून धसका घेतला. माझा जीवच तसला आहे. कुणी विश्वास टाकला की मला आधी तो मोडल्याचंच दिसतं.

आत्यांना गावरान अंडी वेगळी लागायची, नातवाला तीच. पिल्लं काढायला बसवायचीही गावरानच, कारण बाकीच्या अंडी घालून मोकळ्या होतात, खुडूक बसत नाहीत. त्यामुळे कोण कुठली हे शिकणं मला भाग होतं. सातवीत शाळा सुटल्यापासून मी एवढा अभ्यास कशाचा केला नव्हता. लाल, बुटक्या दोघी सरकारी योजनेत वाटलेल्या पिल्लांमधल्या. ठिपक्यांची, चालताना बाजारातल्या जाड्या बाईसारखी डुलणारी, ती गिरिराज. एक उघड्या मानेची, ती कुठली हे आत्यांनाही सांगता यायचं नाही. गावरान अंगानं हलक्या, कुंपणावरून उडून जाणाऱ्या. पहिल्या आठवड्यात मी लाल कोंबडीचं तांबूस अंडं गावरानात ठेवलं तर आत्या म्हणाल्या, "लाल दिसलं की गावरान व्हय? मग ईट पण गावरानच म्हणायची."

शेवटची तळेघरची. आत्यांची चुलतबहीण तिकडून आली तेव्हा पिशवीत घालून तिनं ही तलंग आणली, अजून अंड्यावर न आलेली. काळी, मानेवर तांब्याची झाक, पाय काळसर. डोंगरातून आली म्हणजे गावरानच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही टाकलं.

मग ओढ्यापलीकडच्या वस्तीवर मानमोडी आली. एकेका घरातली खुराडी रिकामी झाली. तिथली एक बाई कांदे काटायला आमच्यात यायची, तिनं सांगितलं, आधी तुरा काळा पडतो, मग मान वळते, मग काही हातात राहत नाही. तेव्हापासून मी खुराड्याचं दार उघडलं की आधी तुरे बघायची. माहेरी लहानपणी अशीच मर आली होती आणि सबंध गल्लीत आरवायला कोंबडा उरला नव्हता. ते मला आठवत राहायचं.

आणि एका सकाळी तळेघरचीचा तुरा पिकल्या जांभळासारखा दिसला.

मी तिला उचलून लांब गोठ्याकडे नेलं, डाल्याखाली झाकलं आणि आत्यांना जाऊन सांगितलं. माझ्या हातात कोंबड्या आल्या नि रोग आला, असंच म्हणतील, असं वाटत होतं. आत्या तसं काही बोलल्या नाहीत. काठी टेकत आल्या, डाल्याच्या फटीतून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सुरी आण. एकीपायी सगळ्या जायच्या."

मालक म्हणाले, घोडेगावला दवाखान्यात दाखवू. पण ते बाजार उरकल्याशिवाय निघणार नव्हते, आणि आत्यांना तेवढाही दम नव्हता. मी सुरी आणली. आणून ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, आत्या, ही दाणे टिपतीय. खरंच टिपत होती, डाल्याखाली खडखड आवाज करून. आजारी कोंबडी मान पाडून बसते, एवढं मलाही कळत होतं. आत्या म्हणाल्या, मरणारं माणूसपण शेवटचं मागून खातं.

नवऱ्यानं मोबाइल काढला आणि माझ्या आईला व्हिडिओ लावला. आई अंगणातच होती. मी रडतरडत तुरा दाखवला. तुऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. आमच्या अहिराणीत म्हणाली, "आधी तोंड उघाडीसन देख. जीभ कशी शे?"

मी चोच उघडली. जीभ काळी. टाळूही काळा. मला वाटलं, संपलं. पण आई म्हणाली, आता पोटावरची पिसं फुंक. फुंकली, तर खालची कातडीही पाटीसारखी काळीभोर. आई हसायलाच लागली. सातपुड्यापलीकडून आमच्या बाजारात त्या काळ्या कोंबड्या येतात, कडकनाथ, ज्यांचं मटणसुद्धा काळं असतं. त्यातलीच ही, थोडी भेसळ होऊन मानेला तांबूस झालेली. अंड्यावर आली की तुरा असाच गडद होतो, म्हणाली. आणि मला चिडवून म्हणाली, माहेरची कोंबडी ओळखू येत नाही, नवऱ्याला ओळखतेस ना?

आत्यांनी फोन घेऊन माझ्या आईला परत सगळं विचारलं. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळत होती, पण कोंबडीचं सगळं कळलं. मग त्यांनी तळेघरला फोन लावला. चुलतबहीण म्हणाली, शेजाऱ्यानं कडकनाथचा कोंबडा आणलाय, तो दिवसभर आमच्याच परड्यात असतो. आत्या म्हणाल्या, "मग आधी सांगायला काय झालं व्हतं गं? हितं सुरी काढली म्या."

मी डालं उचललं. खाली एक अंडं होतं. लहानसं, फिकट, त्यावर एक काडी चिकटलेली. मालकांना ते काळं असेल असं वाटत होतं, ते जरा हिरमुसले. मी मात्र तिथंच मातीत बसले. आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्याच मुलखाची निघाली की. म्हणून लई खाती."

दुसऱ्या दिवशी मालकांनी घोडेगावहून लस आणून सगळ्या कोंबड्यांना दिली, आणि आमचं खुराडं राहिलं. ओट्यावरची सुरी आत्यांनी आदल्याच दिवशी कांद्याला लावली होती.

आता घरी पावणं आलं की चहाच्या आधी मला हाक येते. मी तळेघरचीला काखेत धरून उभी राहते आणि आत्या तिची चोच उघडून दाखवतात.