नकाशावरची कोरी दक्षिण

आज कलकत्त्यातल्या न्यू टाउनच्या ऑफिसात मी केलेल्या नकाशाला टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

सुंदरबनातल्या एका बेटावर प्राचीन वस्त्या कुठे होत्या, ते आम्ही कॉम्प्युटरवर मांडतोय. खापरं, विटा सापडल्याच्या नोंदी सत्तरच्या दशकातल्या पाहणीतल्या. त्या पाहणीत माझे बाबा होते. नागपूरहून बदली होऊन कलकत्त्याला आले, ते इथलेच झाले.

पडद्यावर सगळे ठिपके उत्तरेला, लाँचच्या धक्क्याजवळ. दक्षिण कोरी. साहेब म्हणाले, "बघा, प्राचीन लोकांनी दक्षिण टाळली होती."

मी म्हटलं, "सर, त्यांनी नाही, पाहणीवाल्यांनी टाळली. परतीची शेवटची लाँच दुपारीच सुटायची, म्हणून ते दक्षिणेला गेलेच नाहीत. बाबा अजून सांगतात. निदान 'पाहणी झालेली नाही' एवढं तरी लिहू या."

साहेब हसले. "तुझ्या बाबांच्या गप्पा रिपोर्टात घालू?"

दक्षिणेवर 'अवशेष नाहीत' असं लिहून रिपोर्ट गेला. म्हणजे खोदायला मोकळीक. आता तिथे कोळंबीच्या तळ्यांसाठी यंत्रं जमीन उकरणार, आणि जे काही निघेल ते बांधावर टाकून देणार.

घरी येऊन बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी धक्क्यापासून एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अगं, ही तर आमची रोजची वाट आहे."

तुमच्या गावाच्या नकाशावर अशी कोरी जागा दिसली, तर एवढं विचाराल का? तिथे कोणी राहत नव्हतं, की तिथे कोणी बघायलाच गेलं नव्हतं?