विषय: कैद्यास चष्मा पुरविणेबाबत

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. लोकांची पत्रं कशी मारायची हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीच ती मारली आहेत. म्हणून तर नागपूरच्या सदर भागातल्या एका बैठकीत मला हसू आवरेना.

बैठक पत्रं लिहिणाऱ्यांची. दूरच्या एका देशात निवडणुकीला राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात उभा राहिला म्हणून एका शाळामास्तराला तुरुंगात टाकलं होतं. त्याच्यासाठी देशोदेशींहून पत्रं जात, त्यात आमच्या नागपूरची दहा-बारा. तरुण मंडळी 'लोकशाहीचा गळा' वगैरे जोरात लिहीत होती. असली पत्रं आम्ही पहिल्या ओळीलाच ओळखायचो आणि टोपली जवळ ओढायचो.

मग बैठक घेणाऱ्या तरुण वकीलबाईने माहिती वाचून दाखवली. अटकेच्या धक्काबुक्कीत मास्तराचा चष्मा फुटला आणि नवा मिळू देत नव्हते. सात महिने त्या माणसाला एक अक्षर वाचता आलं नव्हतं, बायकोची पत्रंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. मी कागद ओढला आणि आमच्या खास कचेरीच्या इंग्रजीत विषय लिहिला, मराठीत सांगायचं तर: कैद्यास चष्मा पुरविणेबाबत.

"मावशी, यात तर अन्यायाचा शब्दच नाही!" वकीलबाई म्हणाली.

"अन्यायाले खातं नसते वं पोरी. चष्म्याले असते."

सुटका मागितली की सरकारला 'नाही' म्हणणं सोपं. चष्मा मागितला की तो द्यायचा कोणी, हे आधी शोधावं लागतं. खाली मी प्रती लावल्या: तुरुंग अधीक्षक, तुरुंगाचे डॉक्टर, आरोग्यमंत्री, कायदामंत्री. प्रत काय चीज आहे ते बाबू लोकांनाच कळतं. दुसऱ्याने आधी उत्तर दिलं तर आपण अडकलो, असं प्रत्येकाला वाटतं. वर ठसठशीत जावक क्रमांक टाकला. जावक नोंदवही प्रतापनगरच्या माझ्या स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यामागे होती, हे त्यांना कोण सांगणार?

पुढे दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. 'संदर्भीय पत्राचे उत्तर अद्याप अप्राप्त आहे.' पाचव्यापासून 'ही बाब गंभीर आहे' हे वाक्य जोडलं.

"काहून वं," नवरा चहा पिता पिता म्हणाला, "त्या राष्ट्राध्यक्षाले मेमो देऊन राहिली का?"

"मेमो दहाव्यानंतर. सध्या स्मरणपत्रच."

हसायचा खरा, पण पोस्टात पत्र टाकायला तोच जायचा.

नवव्या स्मरणपत्रानंतर मास्तराच्या बायकोचं पत्र वकीलबाईकडे आलं. चष्मा मिळाला होता! तीन ठिकाणी सह्या घेऊन दिला म्हणे, आणि अधीक्षकाने हळूच विचारलं, नागपूरच्या या बाई कोणी मोठ्या अधिकारी आहेत का? मी टेबलावर थाप मारून हसले. सुटका नाही तर नाही, चोराच्या हातची लंगोटी तर मिळाली.

सोबत मास्तराची चिठ्ठी होती. 'चष्मा चालतो का पाहायला त्यांनी तुमचीच फाइल मला मोठ्याने वाचायला लावली. वर्षभराने वाचलेली पहिली अक्षरं तुमची. मग बायकोची सगळी पत्रं वाचून संपवली. अजून बरीच वर्षं इथे काढायची आहेत. जमलं तर ज्यात काहीही मागितलेलं नाही असं एखादं पत्र पाठवा.'

माझं हसू तिथेच थांबलं. घरी येऊन कोरा कागद घेतला. सवयीने 'विषय' लिहिलं आणि खोडलं. असं पत्र मी आयुष्यात कोणाला लिहिलं नव्हतं, आईलासुद्धा नाही, आणि त्याची त्या दिवशी मला फार लाज वाटली. मग लिहिलं, आज इतकं ऊन आहे की कूलरमध्ये तिसऱ्यांदा पाणी भरलं, आणि माझा नवरा तुम्हाला नमस्कार सांगतो आहे.

त्या पत्राला जावक क्रमांक दिला नाही. वाट मात्र त्याच्याच उत्तराची पाहते आहे.